थेंबाला जागा हवी

चरबीची पेशी स्लाईडवर कधी पाहिली असेल तर आठवून बघा. गुलाबी-जांभळ्या पसाऱ्यात मधेच पांढरीशुभ्र गोल भोकं, एकमेकांना खेटून बसलेली. प्रत्येक भोकाभोवती एक बारीक गुलाबी रेघ, आणि त्या रेघेत कुठेतरी कडेला दाबलं गेलेलं चपटं केंद्रक. नवे विद्यार्थी हे बघून विचारतात, इथे टिश्यू फाटलंय का? फाटलेलं नसतं. तिथे चरबीचा थेंब होता, तो आम्ही धुऊन टाकलेला असतो.

ग्वाल्हेरला, लष्कर नावाच्या भागात, पॅथॉलॉजीच्या लॅबमध्ये मी आयुष्यभर हेच काम केलं. ऑपरेशनमधून आलेला तुकडा फॉर्मॅलिनमध्ये मुरवायचा, मग चढत्या ताकदीच्या अल्कोहोलमधून न्यायचा म्हणजे त्यातलं पाणी निघून जातं, मग झायलीन, मग ६० अंशांच्या आसपास वितळवलेलं पॅराफिन. ब्लॉक गार झाला की मायक्रोटोमवर ४-५ मायक्रॉन जाडीचे काप काढायचे आणि कोमट पाण्यावर पसरलेली रिबिन काचेवर अलगद उचलायची. या वाटेवर अल्कोहोल आणि झायलीन चरबीला विरघळवून नेतात. मला काम शिकवणारे जुने टेक्निशियन म्हणायचे, "चर्बी तो रास्ते में ही धुल जाती है." त्यांच्या बोलण्यात खंत नव्हती. चरबी धुऊन गेली तर बिघडलं काय, असाच तेव्हा सगळ्यांचा समज होता.

मला वाटतं, जीवशास्त्राने चरबीच्या थेंबाकडे इतकी वर्षं पाठ फिरवली त्यात या पांढऱ्या भोकांचा वाटा मोठा आहे. जी वस्तू स्लाईडवर उरतच नाही, तिला काही काम असेल असं कुणाच्या मनात येणार? मायटोकॉन्ड्रिया, केंद्रक, गॉल्जी यांच्यावर पुस्तकांत पानंच्या पानं असायची आणि थेंबाच्या वाट्याला 'साठवलेली चरबी' एवढे दोन शब्द यायचे. १९९१ साली अमेरिकेत कॉन्स्टंटाइन लॉन्डोस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या थेंबाच्या पृष्ठभागावर बसणारं एक प्रथिन शोधलं, पेरिलिपिन. नुसत्या तेलाच्या गोळ्यावर कुणी पहारा बसवत नाही. तिथून हळूहळू प्रश्न विचारले जाऊ लागले, आणि आज हा थेंब पेशीचा पूर्ण दर्जाचा अवयव मानला जातो.

चरबी टिकवून बघायची असेल तर तुकडा मेणात न घालता गोठवावा लागतो. क्रायोस्टॅटमध्ये उणे २० अंशांच्या आसपास कापायचा आणि ऑइल रेड ओ नावाच्या रंगात बुडवायचा. हा रंग पाण्यापेक्षा तेलात जास्त विरघळतो, म्हणून द्रावण सोडून थेट चरबीत शिरतो. यकृताचा असा काप मी पहिल्यांदा बघितला तेव्हा बराच वेळ भिंगावरून डोळा काढवला नाही. नेहमीच्या स्लाईडवर ज्या पेशींना मी 'भोकं पडलेल्या' म्हणून ओळखत होते, त्या सगळ्या लाल मण्यांनी भरलेल्या होत्या. काही थेंब इतके बारीक की नीट फोकस केल्याशिवाय दिसू नयेत, काही इतके मोठे की एकाच थेंबाने अख्खी पेशी व्यापलेली. कुठेही पसारा नव्हता. थेंब थेंबापासून वेगळा, गोल, नीट.

हे नीटपण येतं कुठून, ते सांगायलाच हवं, कारण मला सगळ्यात जास्त आनंद याच भागात मिळाला आहे.

पेशीतल्या बहुतेक अवयवांना दुपदरी आवरण असतं. हे आवरण फॉस्फोलिपिडचं असतं आणि त्याच्या प्रत्येक रेणूला एक पाण्याकडे ओढ असलेलं डोकं आणि दोन तेलात रमणारी शेपटं असतात. आवरणाच्या आतही पाणी आणि बाहेरही पाणी, म्हणून रेणूंचे दोन थर शेपटांना शेपटं भिडवून उभे राहतात. चरबीच्या थेंबाला मात्र एकच पदर असतो. आत पाणी नाहीच, तिथे ट्रायग्लिसराइड आणि कोलेस्टेरॉल एस्टर आहेत, म्हणजे निव्वळ तेल. त्यामुळे डोकी बाहेर आणि शेपटं आत, एवढ्यावर काम भागतं.

हा एकच पदर का, याचं उत्तर थेंबाच्या जन्मात आहे. एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलम नावाचं जे पडद्यांचं जाळं पेशीभर पसरलेलं असतं, त्याच्या भिंतीत डीगॅट नावाची एन्झाइमं ग्लिसरॉलला तिसरं मेदाम्ल जोडतात आणि ट्रायग्लिसराइड तयार होतं. तेल ते. पाण्यात जाऊ शकत नाही, म्हणून भिंतीच्या दोन पदरांच्या मधेच साचायला लागतं. साचता साचता मसुरीच्या दाण्यासारखं दिसणारं सूक्ष्म भिंग तयार होतं. त्या जागी सेपिन नावाच्या प्रथिनाचं कडं बसलेलं असतं. माणसात या कड्यात सेपिनच्या ११ प्रती असतात. कुठे तेल गोळा व्हायचं आणि थेंबाला भिंतीतून तेल कसं मिळत राहायचं, हे या कड्यामुळे ठरतं. थेंब मोठा होतो, बाहेरच्या बाजूला फुगतो आणि भिंतीचा बाहेरचा पदर अंगावर ओढूनच पेशीद्रवात उतरतो. म्हणून एकपदरी.

ग्वाल्हेरहून मुरैनाच्या वाटेला थंडीत गेलं की दोन्ही बाजूंना मोहरी फुललेली असते. देशातल्या मोहरीच्या मोठ्या पट्ट्यांपैकी हा एक. त्या मोहरीच्या दाण्यात जवळजवळ ४० टक्के तेल असतं, आणि ते दाण्यात मोकळं फिरत नसतं. तेही असंच थेंबांत असतं, साधारण अर्धा ते दोन मायक्रॉनच्या, एकपदरी आवरणाच्या. फरक एवढाच की वनस्पतीच्या थेंबावर ओलिओसिन नावाचं प्रथिन दाटीने रोवलेलं असतं. दाणा सुकतो, पेशीतलं पाणी जातं, थेंब एकमेकांवर दाबले जातात, तरी ओलिओसिनमुळे ते एकत्र होत नाहीत. मोहरीच्याच कुळातल्या अरेबिडॉप्सिस या छोट्या रोपट्यात शास्त्रज्ञांनी ओलिओसिन काढून टाकून बघितलं. थेंब एकमेकांत मिसळून मोठे झाले, आणि असं बी गोठवून मग रुजवायला घातलं तर नीट रुजेना. संक्रांतीच्या सुमाराला आमच्याकडे गारठा काय असतो ते इथल्या माणसाला सांगायला नको. पण त्या एवढ्याशा थेंबाचा आकार बियाचं थंडीतलं नशीब ठरवतो, हे वाचून मी थक्क झाले होते.

रुजताना बी हा साठा फोडतं आणि त्याची साखर करतं. हॅन्स कॉर्नबर्ग आणि हॅन्स क्रेब्ज यांनी १९५७ साली दाखवलेला ग्लायऑक्सिलेट चक्राचा मार्ग वनस्पतीकडे आहे, आपल्याकडे नाही. आपण साखरेची चरबी करू शकतो. मेदाम्लांची साखर करणं आपल्या शरीराला जवळपास जमतच नाही. ही गोष्ट पुढे शेजारच्या एका वहिनींच्या यकृतापाशी पुन्हा येईल.

आता प्रश्न असा, की पेशीला इतका खटाटोप कशाला? शाळेत शिकलेलं उत्तर खरंच आहे: एका ग्रॅम चरबीत ९ कॅलरी, कर्बोदकांत ४, शिवाय ग्लायकोजेन साठवायचं तर त्याच्या तिप्पट पाणी सोबत बाळगावं लागतं. थोड्या जागेत जास्त शिदोरी. पण हे अर्धंच उत्तर आहे. दुसरा अर्धा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो, आणि तो लोकांपर्यंत पोचलेला नाही म्हणून हा लेख.

मोकळं मेदाम्ल पेशीला घातक असतं. त्याची घडण साबणासारखी, एक टोक पाण्याचं, एक तेलाचं, म्हणून जास्त झालं की ते पडद्यांत शिरून त्यांची घडी विस्कटतं. २००३ साली अमेरिकेत सेंट लुईस इथे काही शास्त्रज्ञांनी पेशींना पामिटेट हे संपृक्त मेदाम्ल पाजलं. पेशी मेल्या. मग त्यासोबत ओलिएट हे असंपृक्त मेदाम्ल दिलं. ओलिएटमुळे पामिटेट ट्रायग्लिसराइड होऊन थेंबांत जाऊ लागलं, आणि पेशी वाचल्या. ज्या पेशींना ट्रायग्लिसराइड नीट बनवताच येत नव्हतं, त्यांना ओलिएटसुद्धा सोसलं नाही. म्हणजे थेंबांनी भरलेली पेशी जगली आणि थेंब नसलेली मेली. पुढे असंही दिसलं की उपाशी ठेवलेली पेशी आपलेच जुने पडदे मोडून खाते आणि त्यातून सुटलेली मेदाम्लं आधी थेंबात नेऊन ठेवते. खायला काही नसतानाही ती थेंब बांधते, कारण मोकळं मेदाम्ल तिला परवडत नाही.

थेंबातून माल बाहेर काढायलाही शिस्त आहे. जेवल्यानंतर इन्सुलिन असतं तोवर पेरिलिपिन थेंबाचं पृष्ठ अडवून धरतं. उपास पडला किंवा धावपळ झाली की ॲड्रेनलिनच्या निरोपाने पेरिलिपिनला फॉस्फेट लागतं, वाट मोकळी होते, आणि एटीजीएल नावाचं एन्झाइम पहिलं मेदाम्ल तोडतं, एचएसएल नावाचं दुसरं, तिसरं आणखी एक एन्झाइम. एटीजीएल हे या साखळीतलं पहिलं एन्झाइम, आणि त्याची ओळख पटायला २००४ साल उजाडलं. माणूस चंद्रावर जाऊन आल्यानंतर ३५ वर्षांनी आपल्याला कळलं की पोटावरची चरबी वापरायला सुरुवात कोण करतं.

अंगावर चरबीच नसेल तर काय होतं, हे निसर्गानेच दाखवून ठेवलं आहे, फार कठोरपणे. १९५४ साली ब्राझीलमध्ये बेरार्डिनेली यांनी आणि १९५९ साली नॉर्वेत सेइप यांनी अशा मुलांचं वर्णन केलं, ज्यांच्या त्वचेखाली चरबीचा थर जवळजवळ नसतोच. गाल बसलेले, हातापायांचे स्नायू आणि शिरा कोरल्यासारख्या वर आलेल्या. लांबून बघणाऱ्याला वाटावं, काय कमावलेलं शरीर आहे. पण या मुलांचं यकृत मोठं असतं, चरबीने गच्च भरलेलं. रक्तात ट्रायग्लिसराइड प्रचंड. बरेचदा वयात येता येता मधुमेह. भूक कधी शमत नाही, कारण पोट भरल्याचा निरोप मेंदूला देणारं लेप्टिन चरबीच्या पेशीतूनच येतं आणि इथे त्या पेशीच नाहीत. २००१ साली यातल्या एका प्रकाराचं जनुक सापडलं. ते सेपिनचं होतं. थेंब जिथे जन्मतो तिथलं ते कडं बिघडलेलं.

यांच्याबद्दल वाचलं तेव्हा मला माझे नानाकाका आठवले. काकांना हा आजार नव्हता, हे आधीच सांगते. तो अत्यंत दुर्मीळ आहे. नानाकाका साधे किडकिडीत होते. शर्ट खांद्यावरून खाली नुसता लोंबकळायचा. दौलतगंजातून महाराज बाड्यापर्यंत रोज पायी जायचे, गोड बेताचंच. घरात सगळ्यांना त्यांचं उदाहरण दिलं जायचं. पन्नाशी गाठायच्या आधी त्यांच्या पायाची जखम भरेना म्हणून रक्त तपासलं, तर साखर कितीतरी वर चढलेली. "बारीक माणसाला कसा झाला मधुमेह?" हे वाक्य मी त्या वर्षी इतक्या तोंडून ऐकलं की काकूला त्याचा त्रास व्हायला लागला. जणू काकांनी चोरून काहीतरी खाल्लं असावं, असा त्या प्रश्नात सूर असायचा. काकूने सगळं आयुष्य मापून वाढलं होतं.

काकूला त्या वेळी देता आलं नाही ते उत्तर पुण्यात तयार होत होतं. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतली नवजात बाळं मोजली आणि इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांशी ताडून बघितली. आपलं बाळ सरासरी २.७ किलोचं, तिकडचं ३.५ किलोचं. आपल्या बाळाचं पोट, स्नायू, सगळं लहान, पण पाठीवरच्या चरबीचा थर त्या मानाने फारसा कमी नव्हता. बाळ बारीक, पण चरबी राखून असलेलं. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभा असलेला फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, अगदी सारखा, २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. वजनकाट्यावर दोघे सारखेच, आत दुपटीहून अधिक फरक.

यामागचं कारण पुष्कळ शास्त्रज्ञ असं मांडतात: त्वचेखालच्या चरबीच्या पेशींना किती थेंब सांभाळता येतो याला मर्यादा असते, आणि ती माणसागणिक वेगळी असते. पातेलं लहान असलं की दूध लवकर उतू जातं, तसं. ज्याची त्वचेखालची जागा मोठी, तो जाड दिसेल पण त्याचं यकृत बराच काळ सुरक्षित राहू शकेल. ज्याची जागा लहान, त्याच्या अंगावर काही दिसणार नाही, आणि मेदाम्लं यकृतात, स्नायूंत, स्वादुपिंडात जाऊन बसतील, जिथे पेशी इतका साठा सांभाळायला घडलेल्याच नाहीत. नानाकाकांच्या यकृताचा काप कुणी कधी घेतला नाही, त्यामुळे त्यांच्याबाबत मी ठामपणे काही म्हणणार नाही. पण काकू असती तर तिला एवढं नक्की सांगितलं असतं की मापून वाढण्यात तिची काही कसूर नव्हती.

आणि नुसती चरबी साठणं म्हणजे आजार नव्हेच. लांब पल्ल्याच्या धावपटूंच्या स्नायूत चरबीचे थेंब भरपूर असतात, मधुमेह्याच्या स्नायूतही असतात. कापावर दोघांचं प्रमाण सारखं दिसू शकतं. पण धावपटूचे थेंब मायटोकॉन्ड्रियाला चिकटून असतात, रोज रिकामे होतात, रोज भरतात, आणि त्याचं इन्सुलिन उत्तम चालतं. नवजात बाळाच्या खांद्यांमधल्या तपकिरी चरबीतही प्रत्येक पेशीत अनेक छोटे थेंब आणि भोवती मायटोकॉन्ड्रियाची गर्दी असते. ते थेंब जळून थेट उष्णता होते, म्हणून बाळ न कुडकुडता ऊब धरतं. मोठ्या माणसातही ही तपकिरी चरबी थोडी उरते, हे २००९ साली पक्कं झालं.

यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आमच्या गल्लीत बायकांचा विषय साड्यांपेक्षा सोनोग्राफीचा जास्त होता. चार जणींपैकी एकीच्या रिपोर्टवर 'ग्रेड वन फॅटी लिव्हर' असतंच. शेजारच्या वहिनींनी तिळगूळ घेतला, गजक मात्र बाजूला ठेवली आणि म्हणाल्या, "ताई, मी तर तूपच बंद केलंय. तेलही मोजून. तरी रिपोर्ट तसाच."

त्यांना मी जे सांगितलं ते इथे लिहिते. फॅटी लिव्हर असलेल्या माणसांच्या यकृतातली चरबी येते कुठून, याचा माग २००५ साली अमेरिकेतल्या एका अभ्यासात काढला गेला. सुमारे ५९ टक्के चरबी अंगावरच्या चरबीच्या पेशींतून सुटून रक्तावाटे आलेली. २६ टक्के यकृताने स्वतःच बनवलेली, मुख्यतः साखरेपासून आणि पिठूळ पदार्थांपासून. थेट जेवणातल्या चरबीतून आलेली फक्त १५ टक्के. म्हणून तूप सोडून चहात दोन चमचे साखर, दुपारी बिस्किटं आणि रात्री भाताचा डोंगर, याने यकृताला काही फरक पडत नाही. साखरेची चरबी करणं त्याला सहज जमतं. शिवाय काहींचं जनुकच आड येतं. २००८ साली सापडलेलं पीएनपीएलए३ या जनुकाचं एक रूप असं आहे की त्याचं प्रथिन थेंबावर जाऊन बसतं आणि थेंब रिकामा होऊ देत नाही.

"मग हा जन्माचा का?" वहिनींनी विचारलं. नाही. या पायरीवर तर मुळीच नाही. वजनाचे ५ टक्के कमी झाले तरी यकृतातले थेंब उतरायला लागतात, आणि ७ ते १० टक्के कमी झाले तर सूजही कमी होते. नुसतं चालणं वाढलं आणि वजन फारसं हललं नाही, तरी यकृतातली चरबी थोडी घटते. मी त्यांना साखर आणि ट्रायग्लिसराइडही तपासून घ्यायला सांगितलं, आणि त्यांच्या धाकट्या मुलाचीही. तो चवळीची शेंग आहे, म्हणून त्याची तपासणी कुणाच्या डोक्यातही आली नव्हती.

वहिनींना एक शंका उरली होती. "पण ताई, थेंब रिकामा होतो म्हणजे ती चरबी जाते कुठे? घामातून?" घामातून नाही, आणि शौचावाटेही नाही. १० किलो चरबी शरीराने पूर्ण जाळली तर तिला २९ किलो ऑक्सिजन लागतो, आणि त्या १० किलोंपैकी ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासावाटे बाहेर पडते; उरलेल्या १.६ किलोचं पाणी होतं. हा हिशेब २०१४ साली ऑस्ट्रेलियातल्या दोन संशोधकांनी मांडला, आणि त्यांनी विचारलेल्या डॉक्टरांपैकी, आहारतज्ज्ञांपैकी बहुतेकांना तो सांगता आला नव्हता. वहिनींनी तो दोनदा ऐकून घेतला आणि मग पलीकडे बसलेल्या जावेला सांगायला उठल्या.